सेकंदाला पाच फुत्कार

पहाटे ३.४०

दार्जिलिंग स्टेशनच्या जवळच वाफेच्या इंजिनांची शेड आहे. मी येते तेव्हा हिल कार्ट रोडवर चिटपाखरू नसतं. मला हेच हवं असतं. या रस्त्यावर सहा वाजल्यापासून जीपचे हॉर्न सुरू होतात, ते संध्याकाळी उशिरापर्यंत थांबत नाहीत. इंजिनाचा आवाज एकटा, नितळ पकडायचा तर ही दोन तासांची फट तेवढी हातात असते. नोव्हेंबरचे शेवटचे दिवस आहेत, थंडी हाडात शिरते. बॅटऱ्या मी जॅकेटच्या आत, पोटाशी धरून आणल्यात. गारठ्यात त्या अर्ध्या वेळात संपतात, आणि ऐन वेळी बॅटरी गेली की तो आवाज गेलाच, परत बोलावता येत नाही.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. चित्रपटांसाठी आवाज गोळा करणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम. या खेपेला एकाच प्रकारच्या इंजिनासाठी आले आहे: दार्जिलिंगच्या दोन फुटी रुळांवरचं ‘बी क्लास’. ही इंजिनं १८८९ पासून १९२०च्या दशकापर्यंत बनत राहिली. सुरुवातीची शार्प स्टुअर्ट कंपनीची, नंतरची इतर कारखान्यांतली, काही तर इथल्याच तिनधारियाच्या वर्कशॉपमध्ये जोडलेली. आज ज्याच्यावर काम करायचं ते शंभरीच्या आसपासचं आहे.

फायरमन आधीच आलेला. रात्रभर भट्टीत विस्तव दाबून ठेवलेला असतो, तो आता जागा करायचा. लांब लोखंडी सळईने तो जाळीवरची राख खाली पाडतो. मी माइक भट्टीच्या तोंडापासून हातभर लांब, खालच्या अंगाला धरते. खर्र... खर्र... मग राख खाली पडल्याचा मऊ, ओल्या वाळूसारखा आवाज. मग दोन-तीन सेकंद काहीच नाही, आणि नव्या कोळशातून पहिला बारीक तडका. हेडफोनमध्ये हा तडका ऐकला की मला दर वेळी नेरळ आठवतं.

माझे बाबा नेरळच्या शेडमध्ये फिटर होते. माथेरानच्या गाडीची चार जर्मन इंजिनं, ऑरेनस्टाइन आणि कोप्पेलची, त्यांच्या हाताखालून गेली. वाफ बंद झाली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. डबा घेऊन मी शेडमध्ये जायचे, आणि बाबा दारातच थांबवून म्हणायचे, “आधी ऐक. कोणतं इंजिन आहे ते सांग, मग आत ये.” चारांपैकी दोन मला नक्की ओळखू यायची.

४.३०

पाणी तापायला लागलं की बॉयलर आधी कुजबुजतो. कानाने ते ऐकू येत नाही. इंजिनाखालच्या रुळाला चिकटवलेल्या कॉन्टॅक्ट माइकमधून येतं: खोल, सलग घुर्र, दूरच्या ओढ्यासारखं. तासाभराने त्यात बारीक टकटक मिसळते. लोखंड तापून ताणलं जातं त्याचा तो आवाज. फायरमन मला म्हणाला, “दिदी, हे तर आम्हालाही ऐकू येत नाही.” मी हेडफोन त्याच्या कानाला लावला. तो बराच वेळ हलला नाही. मग हातातलं फावडं भिंतीला टेकवून त्याने शेजारच्या पोऱ्याला हाक मारली आणि त्यालाही ऐकवलं.

त्या पोऱ्याचं काम कोळसा फोडण्याचं. बी क्लासची भट्टी लहान. तिला मुठीएवढा कोळसा लागतो, मोठा ढेकूळ घातला की तो बाहेरून जळतो आणि आतून तसाच राहतो. म्हणून एक माणूस इंजिनावरच, केबिनच्या पुढे कोळशाच्या ढिगावर बसून चालत्या गाडीत हातोड्याने कोळसा फोडत असतो. हे काम इथे दीड शतकाच्या आसपास तसंच चालत आलं आहे. गाण्यांत इंजिन दिसतं, धूर दिसतो. हा माणूस क्वचित दिसतो. मी मात्र आज त्याच्या हातोड्याचे वेगळे बारा टेक घेणार आहे.

५.५५

कांचनगंगा गुलाबी झाली. पाच मिनिटं बघितलं आणि पुन्हा खाली वाकले. शेजारच्या टपरीवर चिया, म्हणजे चहा, मिळाला, दुधाचा, खूप गोड.

७.१५

मी इथे का आले ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा दिवस त्यावर उभा आहे.

‘आराधना’तलं जीप आणि आगगाडीचं गाणं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. १९६९ साल, शक्ती सामंतांचं दिग्दर्शन, सचिनदेव बर्मन यांचं संगीत, किशोरकुमारचा आवाज. रस्त्यावरून जीप, तिच्या शेजारून जाणारी ही छोटी गाडी, खिडकीशी पुस्तक वाचत बसलेली शर्मिला टागोर. राजेश खन्ना आमच्याकडचाच म्हणायचा, गिरगावात ठाकुरद्वारला वाढलेला. त्याच्या बाजूचं चित्रण इथे, या रस्त्यावर झालं. शर्मिलाच्या तारखा सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्री’साठी दिलेल्या होत्या, म्हणून तिच्या बाजूची दृश्यं मुंबईच्या स्टुडिओत घेतली. म्हणजे ते दोघं एकमेकांकडे बघतात तेव्हा मध्ये हिमालयापासून मुंबईपर्यंतचं अंतर आहे. आणि तरी पाहणाऱ्याला ते कधी जाणवलं नाही. संकलनाची आणि चालीची ती ताकद. मला त्या गाण्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण गाण्यात गाडीचा स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. तो ठेका वाद्यांचा आहे, आणि गाण्यात तसंच असायला हवं. अडचण नंतर झाली. पुढे जेव्हा जेव्हा कुठल्या चित्रपटात डोंगरातली छोटी गाडी आली, तेव्हा ध्वनी-संग्रहातून जो मिळेल तो वाफेच्या इंजिनाचा आवाज तिच्यावर चिकटवला गेला. बहुधा मैदानी एक्स्प्रेसच्या इंजिनाचा. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून एका चित्रपटात ते झालं. मुदत संपत आली होती, निर्मात्याने संग्रहातला आवाज लावायला सांगितला आणि मी लावला. बाबांनी तो चित्रपट टीव्हीवर पाहिला. म्हणाले, “हे इंजिन या गाडीचं नाही.” एवढंच. पुढे काही बोलले नाहीत, आणि मला त्या रात्री झोप आली नाही.

ते बरोबर होते, आणि हे गणितानेही दाखवता येतं. बी क्लासची चाकं २६ इंच व्यासाची. चाक एकदा फिरलं की गाडी दोन मीटरपेक्षा किंचित जास्त पुढे सरकते. दोन सिलिंडर, प्रत्येकाची वाफ दोन्ही टोकांनी बाहेर पडते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार. ताशी दहा किलोमीटरच्या चालीला सेकंदाला पाचाहून थोडे जास्त. याच्या समोर ब्रॉडगेजचं डब्ल्यूपी इंजिन ठेवा. त्याची चाकं ६७ इंचांची, त्याच वेगाला सेकंदाला जेमतेम दोन फुत्कार, आणि तेही जाड, छातीतून आलेले. छोट्या इंजिनावर मोठ्याचा आवाज लावला तर चित्रातला दांडा एका लयीत फिरतो आणि कानाला दुसरीच लय ऐकू येते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण गाडी खोटी वाटते. एवढ्याशा इंजिनाला अशी उसनी छाती देणं म्हणजे त्याचा जीव काढून घेणं आहे, असं मला वाटतं.

९.२०

पहिली जॉयराइड. दार्जिलिंग ते घूम आणि परत. दार्जिलिंग २,०७६ मीटरवर, घूम २,२५८ वर, मधलं अंतर सात किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाताना सगळा चढ. आवाजासाठी जाणंच महत्त्वाचं, येताना इंजिन फारसं बोलत नाही.

परवानगीप्रमाणे मला केबिनमध्ये एका कोपऱ्यात उभं राहता येतं. एक माइक केबिनमध्ये, एक छपराबाहेर धुराड्याच्या दिशेने, एक खाली चाकांपाशी फ्रेमला बांधलेला. बाहेरच्यावर केसाळ कव्हर, वाऱ्यासाठी. ड्रायव्हर दाजु, म्हणजे दादा, पन्नाशीचे, फार कमी बोलणारे. निघण्याआधी त्यांनी एकच विचारलं, “शिट्टी किती वेळा हवी?” मी म्हणाले, “तुम्ही रोज वाजवता तेवढीच.” त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्या उत्तरानंतर त्यांनी मला आपल्यातली धरलं.

सिलिंडरचे कॉक उघडे ठेवून निघतात, साचलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. दोन्ही बाजूंनी पांढरी वाफ फिस्स करत रस्त्यावर पसरते आणि भाजीवाल्या बायका पदर तोंडावर घेतात. मग बाजार. इथे गाडी दुकानांच्या इतक्या जवळून जाते की केबिनमधून हात लांब केला तर टांगलेले स्वेटर हाताला लागतील. फुत्कार दुकानांच्या पत्र्यांवर आपटून परत येतात. डावीकडून पत्रा, उजवीकडून लाकूड, मग एका गल्लीच्या तोंडाशी अचानक पोकळी, पुन्हा पत्रा. हा आवाज स्टुडिओत बनवता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

९.५०

आता ज्या क्षणासाठी मी तीन दिवस वाट पाहत होते तो आला.

एका सावलीच्या वळणावर रुळांवर दव होतं. चढ, वळण आणि ओले रूळ. फुत्कारांची लय एकदम तुटली: पाच-पाच चाललेले ते एका श्वासात वीस-पंचवीस झाले, एकात एक घुसलेले, जणू कोणी जोरात पानं उलटतंय. चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती आणि गाडी हलत नव्हती. दाजुंनी वाफेचा रेग्युलेटर झटक्यात बंद केला. शांतता. मग समोरच्या बीमवर बसलेल्या दोघांपैकी एकाने डब्यातली वाळू मुठीने रुळावर सोडली, उजवीकडे, दुसऱ्याने डावीकडे. रेग्युलेटर हळू उघडला.

चाकाखाली वाळू दळली जाते तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. करकर म्हणता येईल, पण त्यात एक चिरका किणकिणाटही होता, काचेच्या बांगड्या पायाखाली आल्यासारखा. तो तीन सेकंद टिकला. मग एक जड फुत्कार, दुसरा, तिसरा. गाडीने पकड घेतली.

मी लेव्हलच्या काट्याकडे पाहिलं. लाल रेषेच्या खाली. आवाज फाटला नव्हता. खाली चाकांपाशी बांधलेल्या माइकने सगळं नीट घेतलं होतं. दाजु माझ्याकडे वळून म्हणाले, “आलं का?” मी फक्त मान हलवली, मला बोलवेना.

बतासिया लूपवर गाडी दहा मिनिटं थांबते. १९१९ मध्ये बांधलेला हा लूप. गाडी स्वतःच्याच रुळांवरून वर्तुळ घेते आणि उंची गाठते. मधोमध गुरखा सैनिकांचं स्मारक आहे. प्रवासी उतरून फोटो काढतात. मी माइक उभ्या इंजिनासमोर लावते आणि त्याच्या विश्रांतीचा आवाज घेते: सेफ्टी व्हॉल्व्हची बारीक सुरसुर, आणि इंजेक्टर. बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या या इंजेक्टरचा सूर वेगळा असतो, आधी थोडा चाचपडतो, मग एका पट्टीत स्थिरावतो. तो स्थिरावला की फायरमन काचेच्या नळीकडे एकदा बघतो आणि निर्धास्त होतो. पाणी दिसतंय, म्हणजे सगळं ठीक.

११.००

घूम. इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येतं आणि पुन्हा जोडलं जातं. कपलिंगचा ठोका मिळाला, फार चांगला मिळाला. प्रवासी वरचं छोटं संग्रहालय बघतात. मी स्टेशनबाहेर आलूदम खाल्लं, तिखट, बोटं लाल झाली. फाइलींना नावं दिली. ती ताबडतोब द्यायची, संध्याकाळपर्यंत थांबलं तर सगळे फुत्कार सारखे वाटू लागतात.

दुपारी १.१५

दुसऱ्या फेरीला गाडीत बसायचं नाही, जीपमधून जायचं. गाण्यातली जागा समजून घ्यायची आहे.

दार्जिलिंगची ही लाइन सुरुवातीला हिल कार्ट रोडच्याच कडेने टाकली. रस्ता आधीच होता, बैलगाड्यांचा, त्यामुळे १८७९ मध्ये सुरू झालेलं काम १८८१ मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोचू शकलं. डोंगर पोखरावे लागले नाहीत. म्हणून इथे रूळ रस्त्याला शंभराहून अधिक वेळा ओलांडतात, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. जीप आणि आगगाडी शेजारी-शेजारी, बोलण्याच्या अंतरावर धावू शकतात ती याचमुळे. दुसऱ्या कुठल्या रेल्वेवर ते गाणं उभंच राहिलं नसतं. दिग्दर्शकाने जागा निवडली तेव्हा अर्धं गाणं त्याच्या हातात आलं होतं, असं मला वाटतं.

जीपमध्ये उभं राहून बूम गाडीकडे धरला. पहिल्या मिनिटात कळलं, जीपचं इंजिन सगळं खाऊन टाकतं. मग ड्रायव्हरभाऊंना सांगून पुढे जाऊन थांबायचं, इंजिन बंद करायचं, गाडी येऊन जाऊ द्यायची, पुन्हा पुढे. असं सात ठिकाणी केलं.

आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी केबिनमध्ये कधीच आली नसती. रस्त्यावरून ऐकताना गाडीचा आवाज सलग येत नाही. ती दरडीच्या आड जाते, आवाज मिटतो. नुसता धूर दिसतो. मग वळणावर एकदम समोर येते आणि फुत्कार अंगावर येतात. रूळ रस्ता ओलांडून पलीकडे गेले की आवाज डाव्या कानातून उजव्या कानात जातो. गाण्यात तो तिला दिसते-लपते असं शोधत राहतो ना, तेच या आवाजाचंही चाललेलं असतं. जर कुणी ते दृश्य आज खऱ्या आवाजावर बांधलं, तर संगीताच्या आधीचे दहा सेकंद नुसती ही लपाछपी ऐकवावी. मी ते वहीत लिहून ठेवलं. जो दिग्दर्शक मला पुढे भेटेल त्याला हे सांगणार आहे, तो मानो न मानो.

सातव्या जागेवर एक डिझेल आलं. २००० पासून इथे डिझेल इंजिनंही धावतात. तेही घेतलं, संग्रहात असावं म्हणून.

संध्याकाळी ५.३०

अंधार पडला. हॉटेलच्या खोलीत हीटरशेजारी बसून नेरळला फोन लावला. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, कान थोडे कमी झालेत, पण खालचे सूर नीट ऐकू येतात. म्हटलं, काही सांगत नाही, नुसतं ऐका. फोन स्पीकरपाशी धरून नऊ पन्नासची ती फाइल लावली.

संपल्यावर ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घसरलं. रूळ ओले होते. वाळू टाकली, आणि हाताने टाकली, पाइपने नाही. एका बाजूला आधी पडली.”

“हो बाबा.”

“ड्रायव्हर शहाणा आहे. रेग्युलेटर लगेच बंद केला. नवखा असता तर अजून दोन सेकंद फिरवत बसला असता.” मग थांबून: “दार्जिलिंगचंच ना? आपल्या नेरळला ते ७९४ आणलं होतं, त्याचा असाच पातळ आवाज. हे बरोबर आहे. हे त्याच गाडीचं आहे.”

आईने फोन घेतला आणि विचारलं की तिकडे स्वेटर पुरतो का.

७.४५

पुन्हा शेड. इंजिन उभं आहे. विस्तव दाबला आहे, दार लावलं आहे, दाजु आणि बाकीचे घरी गेले. रात्रीचा एकच माणूस आहे, तो बाकड्यावर कांबळं घेऊन बसला. मी परवानगी घेतली, माइक बॉयलरच्या पोटाखाली ठेवला आणि लांब, दारापाशी जाऊन उभी राहिले. माझा श्वास त्यात यायला नको.

थंड होणारं लोखंड आवाज करतं. सकाळी जे ताणलं होतं ते आता आकसतं. टक. बराच वेळ काही नाही. टक, टक. कुठेतरी एक थेंब पडतो, खालच्या राखेत चुरचुरतो. मग पुन्हा टक, या वेळी पुढच्या अंगाला, धुराड्याकडे.

वहीत नोंद केली: फाइल ४१. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. उभं इंजिन, रात्र, बॉयलर निवताना. सहाव्या मिनिटाला कुत्रं भुंकतं, दूर, स्टेशनच्या वरच्या बाजूला. कापू नये.